एजर चालता चालता बसतंय? कार्बोरेटरचा स्क्रू फिरवायच्या आधी हे बघा

दोरी ओढली की मशीन सुरू होतं, मोकळ्या रेसला एकदम झकास वाजतं, आणि लॉनच्या कडेला पातं टेकवून दहा फूट गेलं नाही तोच घुं करून बसतं. परत दोरी, परत दहा फूट. पावसाळा सरला की हे फोन मला सुरू होतात ते तुळशीच्या लग्नापर्यंत थांबत नाहीत. नाशकात लॉन म्हटलं की लोकांना गवत आठवत नाही, लग्न आठवतं, आणि गंगापूर रोड म्हणा की त्र्यंबक रोड, मुहूर्त लागायच्या आधी सगळ्या लॉन्सवाल्यांना पेव्हर ब्लॉकच्या कडा दोरी धरल्यासारख्या सरळ पाहिजे असतात. मी बरीच वर्षं हेच करतोय, लॉन लावायचं, कापायचं, कडा मारायच्या, आणि मशीन रुसलं की तिथंच पोतं अंथरून उघडायचं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, एजर म्हणजे उभं फिरणारं पातं, जे गवत आणि रस्त्याच्या मधून माती चिरत जातं. आपल्याकडं वेगळं एजर मशीन मोजक्यांकडंच असतं, बाकीचे ब्रश कटरच्या, म्हणजे खांद्याला अडकवायच्या ग्रास कटरच्या, दांड्याला एजरचं अटॅचमेंट लावतात. इंजिन एकच, त्यामुळं खाली लिहिलंय ते ग्रास कटरवाल्यांनाही जसंच्या तसं लागू.

आधी ते मरतं कसं ते बघा

ही एक गोष्ट कोणी करत नाही. मशीन बंद पडलं की माणूस चिडतो, दोरी ओढत सुटतो, आणि दहा मिनिटांनी पेचकस घेऊन कार्बोरेटरचे स्क्रू फिरवायला बसतो. अरे पण ते मेलं कसं? त्यावरच अर्धं निदान होतं.

हळूहळू आवाज खाली येत, धापा टाकत, भुक भुक करत बंद पडलं तर पेट्रोल नाहीतर हवा पोचत नाही. कोणीतरी स्विच दाबल्यासारखं खटकन बंद पडलं तर करंटचा विषय, म्हणजे स्पार्क प्लग, वायर, नाहीतर प्लगला करंट देणारी कॉइल. पातं आधी अडखळतं आणि इंजिन मागून बसतं, तर इंजिनचा दोष नाहीच, लोड जास्त होतोय. दर वेळी दहा-पंधरा मिनिटं नीट चालून मग बंद, आणि टाकीचं झाकण उघडून लावलं की परत सुरू, असं असेल तर झाकण बघा. गार असताना वाघ आणि गरम झाल्यावर शेळी, अर्धा तास सावलीत ठेवलं की परत वाघ, असं असेल तर कॉइल किंवा कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब), तो खर्चाचा विषय, त्यावर शेवटी बोलू. स्लोला, म्हणजे एक्सिलेटर सोडलेला असताना, टिकत नाही पण रेसला झकास चालतं, किंवा उलट स्लोला नीट आणि फुल रेस दिली की गळपटतं, या दोन तक्रारी दिसायला सारख्या पण कारणं वेगळी.

आणि इंजिन जोरात ओरडतंय पण पातंच थांबतंय, तर ते बंद पडणं नाही, क्लच घसरतोय. त्याचं इथं काही नाही.

पुढच्या तपासण्या फुकटच्या आधी, पैशाच्या नंतर अशा ओळीनं लिहितोय. मधली एखादी सोडून पुढं उडी मारू नका, कारण वरची गोष्ट बिघडलेली असताना खालची कितीही दुरुस्त केली तरी मशीन परत बसणारच. आणि पात्याजवळ हात नेण्याआधी इंजिन बंद करून प्लगची टोपी काढून बाजूला करायची, नुसता स्विच बंद करून भागत नाही.

पातं, माती आणि झेंडूचे दोरे

पहिल्यांदा मशीनला नाही, आपल्या कामाला दोष द्या. पातं किती खोल घालताय? इंच, फार तर दीड इंच. नवीन कड काढताना लोक एकाच फटक्यात तीन इंच घालतात आणि मग म्हणतात मशीनमध्ये दम नाही. दोन-तीन फेऱ्यांत खोली वाढवा, घाई करू नका. दुसरं, एक्सिलेटर आधी फुल द्यायचा, पातं पूर्ण वेगात आलं की मगच जमिनीत टेकवायचं. अर्ध्या रेसला टेकवलं की क्लच अर्धवट धरतो, तापतो, आणि इंजिन ओढून बंद पडतं.

आपली काळी माती ही वेगळीच जात आहे. सप्टेंबरात ती ओली असताना कड मारायला घेतली की पात्याच्या गार्डमध्ये तिचा गोळा बसतो, दुसऱ्या दिवशी तो वाळून विटेसारखा होतो, आणि मग इंजिन माती कापत नसतं, स्वतःच्या गार्डशीच कुस्ती खेळत असतं. रोज काम संपलं की लाकडाच्या खपलीनं गार्ड आतून खरवडा, पाच मिनिटांचं काम. ओल्या मातीत कड मारायची वेळच आली तर सकाळी नको, दुपारी वरचा थर सुकल्यावर घ्या.

मग पात्याच्या मागं बघा, शाफ्ट जिथून बाहेर येतो तिथं. हरळीच्या मुळ्या तिथं सुतासारख्या गुंडाळतात. मळ्यात काम असेल तर ड्रिपची १६ एमएमची नळी, सुतळी, बाइंडिंगची तार, काहीही निघतं. गेल्या सीझनला एका लॉन्सवरचं मशीन आलं, दर दोन मिनिटाला बसायचं. पातं खोललं तर मागं काळी बांगडी, नखानंसुद्धा निघेना. ब्लेडनं कापून काढली तर काय, झेंडूच्या माळांचा नायलॉन दोरा, रात्री लग्नाचं डेकोरेशन उतरवताना लॉनवरच टाकलेला, शाफ्टवर गुंडाळून गरम होऊन वितळून घट्ट बसलेला. मालकाचं त्याआधी नवीन प्लग, नवीन फिल्टर, सगळं टाकून झालं होतं.

साफ केल्यावर पातं हातानं फिरवा. इंजिन बंद असताना क्लच सुटलेला असतो, त्यामुळं पातं हलकं फिरायला पाहिजे. जड वाटलं, करकर आवाज आला, तर गिअरबॉक्समध्ये ग्रीस नाही. गिअरबॉक्सला बाजूला एक बोल्ट असतो तो खोलून लिथियम ग्रीस भरायचं, साधारण २० ते २५ तास काम झालं की एकदा. पण ठासून भरू नका, ग्रीसला पसरायला जागा लागते, ठासलं तर उलट तापतं. पातं धरून वर-खाली हलवलं तर खडखडतंय, असं असेल तर बेअरिंग गेलंय, तिथं थांबा आणि दुकानात न्या. पात्याला बारीकशी जरी चीर दिसली तरी ते पातं भंगारात, दगडाला लागून तुकडा उडाला तर पायात घुसतो.

पेट्रोल, म्हणजे खरं दुखणं

माझा अनुभव विचाराल तर ऑक्टोबरात येणाऱ्या मशीनमध्ये सगळ्यात जास्त दोष पेट्रोलचाच निघतो, आणि मालकाला ते पटत नाही कारण "पेट्रोल तर आहे ना टाकीत". आहे हो, पण कधीचं?

आता पंपावर मिळतं त्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं. पावसाळ्यात अर्धी टाकी भरलेलं मशीन शेडमध्ये दोन महिने पडून राहिलं की ते पाणी पिऊन पिऊन एका मर्यादेनंतर इथेनॉल आणि पाणी पेट्रोलपासून वेगळं होतं आणि जड म्हणून टाकीच्या तळाला जाऊन बसतं. आणि टाकीतली गाळणी कुठं असते? तळाला. म्हणजे इंजिनला आधी तेच पाणी मिळतं. टू स्ट्रोक, म्हणजे ज्याच्या पेट्रोलमध्येच ऑइल मिसळतात ते इंजिन, असेल तर अजून वाईट, कारण ऑइल वरच्या पेट्रोलमध्येच राहतं, खालच्या थरात जवळजवळ नसतंच, म्हणजे पिस्टन कोरडा घासतो.

तपासायला खर्च शून्य. टाकीतलं सगळं पेट्रोल काचेच्या स्वच्छ बाटलीत ओता, सावलीत, विडी-काडीपासून लांब, आणि अर्धा तास हलवू नका. मग उजेडाकडं धरून बघा. तळाशी वेगळा थर दिसला, दोन रंगांच्या मधे रेघ दिसली, किंवा सगळंच गढूळ दिसलं, तर ते पेट्रोल गेलं. थर नाही पण रंग गडद झालाय आणि वास जुन्या वॉर्निशसारखा येतोय, तरी गेलं. ते गटारीत ओतू नका, झाकणाच्या डब्यात घालून गॅरेजवाल्याला द्या. मी तर मिक्स पेट्रोल दोन-तीन आठवड्यांत संपेल एवढंच बनवतो.

आता मिक्सचं प्रमाण. टू स्ट्रोकला साधं २टी ऑइल असेल तर बहुतेक मशीनला २५ ला १, म्हणजे लिटरला ४० मिली. चांगल्या प्रतीचं ऑइल आणि मशीनच्या पुस्तकात ५० ला १ लिहिलं असेल तर लिटरला २० मिली. पुस्तक काय म्हणतं ते बघा, शेजारी काय म्हणतो ते नाही. बाटलीच्या झाकणानं अंदाजे ओतायची सवय सोडा, मेडिकलमध्ये मापाची बाटली मिळते. ऑइल जास्त झालं तर प्लग काळा होतो, सायलेन्सर चोंदतो, मशीन धूर काढत बसतं. कमी झालं तर पिस्टन जातो.

आणि इथं एक नेहमीचा घोटाळा. होंडाचं जीएक्स ३५ आणि तसली दुसरी इंजिनं फोर स्ट्रोक असतात, त्यात साधं पेट्रोल आणि ऑइल वेगळ्या चेंबरमध्ये, जीएक्स ३५ मध्ये फक्त १०० मिली बसतं. एकाच शेडमध्ये दोन्ही प्रकारची मशीनं असली की नवीन पोरगा हमखास चुकतो. फोर स्ट्रोकमध्ये मिक्स गेलं तर धूर आणि काळा प्लग, पण मशीन जगतं. टू स्ट्रोकमध्ये साधं पेट्रोल गेलं तर थोडा वेळ मजेत चालतं, मग तापून बसतं, आणि परत सुरू झालंच तर दम गेलेला असतो. मी कॅनवर मार्करनं मोठ्या अक्षरात लिहून ठेवलंय, एकावर "मिक्स" आणि दुसऱ्यावर "साधं", तरी वर्षातून एकदा कोणीतरी चुकतंच. २टी ऑइलला रंग दिलेला असतो, निळा, हिरवा, लाल, तो यासाठीच. ओतायच्या आधी उजेडात रंग बघायची सवय लावा.

फोर स्ट्रोकवाल्यांनी ऑइलची पातळीही बघून घ्या, मशीन सपाट जमिनीवर ठेवून. जास्त भरलं किंवा मशीन चुकीच्या बाजूला आडवं टाकलं की ऑइल एअर फिल्टरमध्ये येतं आणि मग ते पांढरा धूर काढत गुदमरतं.

टाकीचं झाकण

याच्यावर दोन मिनिटं थांबतो, कारण दोष फुकटात सुटतो आणि लोक हजारो घालवतात.

टाकीतून पेट्रोल जेवढं बाहेर जातं तेवढी हवा आत यायला पाहिजे. त्यासाठी झाकणात, काही मशीनला वेगळ्या नळीत, एक बारीक भोक किंवा छोटा व्हॉल्व्ह असतो. तो माती-ऑइलच्या मळानं बंद झाला की टाकीत ओढ तयार होते, पेट्रोल पुढं सरकायचं थांबतं, आणि मशीन धापा टाकत मरतं. मग तुम्ही पाच मिनिटं शिव्या घालेपर्यंत हवा कुठून तरी झिरपते आणि ते परत सुरू होतं. म्हणून हा दोष भुतासारखा वाटतो.

ओळखायचं असं. बंद पडलं की लगेच, दोरी ओढायच्या आधी, झाकण हळू सैल करा. बाहेरून आत हवा ओढल्याचा स्स् आवाज आला आणि झाकण परत लावल्यावर मशीन दोन ओढीत सुरू झालं, झालं निदान. झाकण साध्या पेट्रोलमध्ये बुडवून जुन्या ब्रशनं घासा, तोंडानं फुंकू नका, सायकलच्या पंपानं हवा मारा. तरी नाही सुटलं तर नवीन झाकण आणा, महाग नसतं. झाकण सैल ठेवून काम चालवायचा उद्योग मात्र करू नका, मशीन खांद्याला असतं, पेट्रोल गळून गरम सायलेन्सरवर पडलं तर काय होईल ते सांगायला नको.

गिरणारे गावाच्या पुढं एका फार्महाउसवर बोलावलं होतं. त्या भाऊंनी दोन ठिकाणी दाखवून नवीन कार्बोरेटर बसवून घेतलेला, मशीन तसंच. मी झाकण सैल केलं, स्स् झालं. झाकणावर बघतो तर गेट रंगवताना उडालेला हिरवा ऑइलपेंट, बरोबर भोकावर. टाचणीनं टोचून काढला. ते माझ्याकडं आणि मी झाकणाकडं बघत बसलो, पैसे मागायलाही लाज वाटली.

हवा आत येते का, आणि इंजिन गार होतं का

एअर फिल्टर दर आठवड्याला उघडायचा, कोरड्या दिवसांत धूळ असेल तर रोज. फोमचा असेल तर साबणाच्या कोमट पाण्यात धुवा, पिळू नका, दाबून पाणी काढा, सावलीत पूर्ण वाळवा, मग दोन-चार थेंब ऑइल चोळा. कागदी किंवा फेल्टचा असेल तर फक्त झटका, धुवायचा नाही. फिल्टर चोंदला की हवा कमी आणि पेट्रोल जास्त जातं, मशीन धूर सोडतं, फुल रेसला गळपटतं. शंका असेल तर फिल्टर काढून अर्धा मिनिट मोकळ्या रेसला चालवून बघा, फरक पडला तर नवीन टाका. पण फिल्टर काढून काम करायचं नाही, नाशिकची धूळ आत गेली की सिलिंडरला पॉलिश पेपर मारल्यासारखं होतं.

त्याचबरोबर दोरीच्या कव्हरच्या जाळीत आणि सिलिंडरच्या पट्ट्यांमध्ये अडकलेलं गवत काढा. हे इंजिन हवेवर गार होतं, गवत आणि ऑइलचा थर बसला की मे महिन्याच्या उन्हात ते तापून बसणारच. पेट्रोलही नळीतच उकळायला लागतं. जेवायला बसताना मशीन उन्हात टाकू नका, एवढं केलं तरी दुपारचा अर्धा त्रास जातो.

प्लग

प्लग काढून रंग बघा. चहाच्या रंगासारखा भुरकट असेल तर इंजिन खूश आहे. काळा आणि ओला म्हणजे ऑइल जास्त, फिल्टर चोंदलेला किंवा करंट कमी. पांढराफटक म्हणजे पेट्रोल कमी पोचतंय किंवा कुठून तरी फुकट हवा आत घुसतेय, आणि टू स्ट्रोकसाठी हे धोक्याचं आहे, तसंच चालवत राहिलं तर पिस्टन चिकटतो. गॅप पुस्तकात असेल तेवढी ठेवा, बहुतेक मशीनला ०.६ ते ०.७ एमएम. प्लग स्वस्त आहे, जुना घासत बसण्यापेक्षा त्याच नंबरचा नवीन टाका. त्याच नंबरचा हे महत्त्वाचं, मोटरसायकलचा बसतो म्हणून बसवू नका. आणि प्लग हातानं चार आटे फिरवून मगच पान्यानं आवळा, बॉडी ॲल्युमिनियमची असते, वाकडा आटा चढला की प्लगच्या किमतीत नाही सुटत.

गाळणी आणि नळी

वाकडी केलेली तार टाकीत घालून पेट्रोलची नळी बाहेर ओढा, टोकाला गाळणी असते. काळी, चिकट झाली असेल तर नवीन. नळी बोटात दाबून बघा. कडक झालीय, चिकट झालीय, वाकवली की चिरा दिसतात, तर बदला. इथेनॉलनं जुन्या रबराची वाट लागते, मी आता वर्षाला एकदा नळी बदलूनच टाकतो. चीर असली की पेट्रोलबरोबर हवा ओढली जाते, आणि गंमत म्हणजे मशीन सरळ धरलं की चालतं, एका बाजूला कलंडलं की बसतं. एजर उतारावर चालवताना नेमकं हेच होतं. पंप मारायचा रबरी फुगा दाबल्यावर त्यात बुडबुडे येतच राहिले तर समजा हवा घुसतेय.

स्विचची वायर

खटकन मरणाऱ्या मशीनसाठी. हँडलच्या स्विचपासून इंजिनपर्यंत एक वायर जाते, ती बॉडीला टेकली की इंजिन बंद होतं, स्विचचं कामच ते. आता ती वायर दांड्याशी घासून सोलली असेल तर हादऱ्यानं मधूनच टेकते, आणि तुम्हाला वाटतं मशीन आपोआप बंद पडतंय. हातभर वायर डोळ्यानं नीट बघा, खास करून जिथं क्लॅम्प आहे आणि जिथं एक्सिलेटरच्या केबलबरोबर वळते तिथं. सोललेली दिसली तर टेप नको, नळकांडी चढवा नाहीतर तुकडा बदला. आमच्या एका मशीनला फक्त डाव्या वळणावर बंद पडायचा रोग होता, तो हाच.

सायलेन्सरची जाळी

स्लोला नीट, फुल रेसला दम नाही, लोड आला की बसतं, आणि वरचं सगळं तपासून झालंय, तर सायलेन्सर पूर्ण गार झाल्यावर खोला. बऱ्याच टू स्ट्रोकला तोंडाशी बारीक जाळी असते, ठिणगी बाहेर पडू नये म्हणून. तिच्यावर काजळी धरली की इंजिनला श्वास सोडता येत नाही, आणि जो श्वास सोडत नाही तो घेणार कुठून. तारेच्या ब्रशनं घासा. जाळी काढून फेकू नका, वाळक्या गवतात ठिणगी पडते.

सायलेन्सर निघालाच आहे तर भोकातून टॉर्च मारून पिस्टन बघा. गुळगुळीत असेल तर देवाला नमस्कार करा आणि परत बसवा. उभे ओरखडे दिसले तर पुढं काही उघडू नका. ते काम तुमचं नाही आणि माझंही नाही.

वायरवरचं मशीन असेल तर

बंगल्यांमध्ये इलेक्ट्रिक एजर असतात, त्यांचं दुखणं वेगळं. समजा १४०० वॅटचं मशीन, साधारण ६ ॲम्पियर ओढतं. त्याला ०.७५ स्क्वेअर एमएमची ५० मीटर एक्स्टेन्शन लावली तर १५ व्होल्टच्या आसपास वायरमध्येच जातात. संध्याकाळी व्होल्टेज आधीच पडलेलं असेल तर मोटर तापते आणि आतला कटऑफ मशीन बंद करतो. १.५ ची वायर घ्या, लांब असेल तर २.५ ची, आणि रिळावर गुंडाळलेली ठेवून वापरू नका, रिळ तापतं. मोटरच्या खिडकीतून मोठ्या ठिणग्या दिसतात आणि मशीन मधेच थांबतं, तर मोटरचे कार्बन ब्रश संपलेत, आधी वायर सॉकेटमधून काढा आणि मग ब्रश बदला. बॉडीला हात लावल्यावर मुंग्या आल्या तर तिथंच थांबा, ओल्या लॉनवर तर अजिबात नाही, इलेक्ट्रिशियनला बोलवा. बॅटरीवालं असेल तर खोली कमी करा, लोड वाढला की बॅटरी स्वतःच बंद होते.

आता कार्बोरेटर

इथपर्यंत येऊनही मशीन बसत असेल तरच. या मशीनमध्ये मोटरसायकलसारखं फ्लोट नसतं, रबराचा पातळ पडदा असतो, डायफ्राम, कारण मशीन कसंही वाकडं धरलं तरी पेट्रोल पोचायला पाहिजे. तो पडदा हाताला मऊ लागला पाहिजे. पापडासारखा कडक झाला, बोटानं दाबल्यावर टिक टिक वाजला, तर गेला. किट मिळतं, किमतीला जड नाही. खोलताना प्रत्येक थराचा मोबाईलवर फोटो काढा, गॅस्केट आधी की डायफ्राम आधी हे दोन्ही बाजूंना सारखं असेलच असं नाही, आणि उलटं बसलं की मशीन सुरूच होणार नाही. बारीक भोकात तार घालू नका, कार्बोरेटर क्लीनरचा स्प्रे मारा, चष्मा लावून.

आता स्क्रू, ते अक्षरांवरून ओळखायचे. एलवाला स्लोसाठी, एचवाला फुल रेससाठी, टीवाला फक्त स्लोची रेस ठरवतो. स्लोला बंद पडत असेल तर आधी टी थोडा आवळून बघा, पण पातं स्लोला फिरायला लागलं तर परत मागं घ्या. एल आणि एच हलवायच्या आधी आत हलक्या हातानं टेकेपर्यंत किती फेरे जातात ते मोजून कागदावर लिहा आणि परत तेवढेच बाहेर आणा. मग एका वेळी पाव फेऱ्याहून कमी. आणि टू स्ट्रोकवाल्यांनो, एच आत आवळला की पेट्रोल कमी होतं, आवाज तिखट आणि जोरदार येतो, वाटतं काय ताकद आली, आणि त्याच आवाजात पिस्टन चिकटतो. आवाज तिखट वाटला की लगेच सैल करा. हाताला अंदाज नसेल तर एचला हात लावूच नका.

इथं थांबा आणि दुकानात न्या

गरम झाल्यावर खटकन बंद आणि गार झाल्यावर सुरू, वायर नीट आहे, झाकण नीट आहे, तर बहुतेक कॉइल. गरम असतानाच मिस्तरीनं करंट तपासायला पाहिजे, गार मशीनमध्ये सगळं बरोबरच दिसतं. कॉइल आणि मॅग्नेटच्या मधली फट व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीएवढी असते, घरी अंदाजानं बसवू नका.

दोरीची मूठ धरून मशीन हवेत लटकवा, इंजिन गार आणि प्लग जागेवर. मशीन झटके घेत, थांबत थांबत खाली यायला पाहिजे. सरसर खाली आलं तर कॉम्प्रेशन गेलंय, रिंग किंवा सिलिंडर. अशा वेळी चायना मशीनला खर्च करायचा की नवीन घ्यायचं हा हिशोब मिस्तरीकडून एस्टिमेट घेऊनच करा.

रेस आपोआप वर-खाली होतेय, स्क्रू कसाही लावला तरी ठरत नाही, तर क्रँकचं सील गळतंय. फोर स्ट्रोकमध्ये टपटप आवाज वाढलाय तर व्हॉल्व्हचं सेटिंग. टाकीतून किंवा नळीतून पेट्रोल गळतंय तर एक मिनिटही चालवायचं नाही.

नेताना टाकी ओतून धुऊन चकाचक करून नेऊ नका. थोडं पेट्रोल तसंच राहू द्या, मिस्तरीला तेही बघायचं असतं, आणि जुना प्लग खिशात ठेवा. आणि बंद पडतानाचा व्हिडिओ काढून ठेवा, आवाजासकट, कारण दुकानाच्या दारात उभं केलं की हे मशीन हटकून पहिल्या ओढीला सुरू होतं आणि बंदच पडत नाही.